वायफायचं चॅनल कसं निवडावं: एकापेक्षा जास्त अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणाऱ्यांसाठी

एका तीन मजली वाचनालयात सहा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेटवर्क वायफायने हवेत पोचवणारी खोकी) बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते हौसेने केलं. प्रत्येक मजल्यावर दोन, छताला नीट ठोकलेले, केबल सरळ, नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच. फोनवर जिथे बघावं तिथे सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या. सकाळी सगळं झकास चालायचं. दुपारी वाचक वाढले की मात्र साधं पानसुद्धा उघडेना. मी आधी इंटरनेट कंपनीवर संशय घेतला, मग केबलवर, मग राउटरवर. आठवडाभराने कोणीतरी सहज विचारलं, "चॅनल कुठली ठेवली आहेत?" मी म्हणालो, चार ऑटोवर आहेत आणि दोन मी स्वतः निवडली, ३ आणि ८, कारण तिथे कोणीच नव्हतं.

तिथे कोणी का नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही त्याच वाटेवर असाल तर पुढचं वाचून तुमचा तो आठवडा वाचेल.

लागणारं साहित्य

- अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सेटिंग्जमध्ये शिरण्यासाठी अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा.
- आजूबाजूची नेटवर्क दाखवणारं अ‍ॅप किंवा लॅपटॉप
- जागेचा नकाशा. हाताने काढलेला चालतो, पण भिंती आणि मजले त्यात हवेत.
- तीन रंगांच्या पेन्सिली (चेष्टा नाही, पायरी ६ मध्ये लागतील)
- केबलने जोडता येईल असा एक संगणक
- वही. प्रत्येक बदल तारीख-वेळेसह लिहायचा.

१. दोष खरंच चॅनलचा आहे का?

ही पायरी मी गाळली होती, म्हणून पहिली लिहितो. लॅपटॉप केबलने जोडा आणि इंटरनेट तपासा. तिथेही रखडत असेल तर चॅनल बदलून काहीही होणार नाही. केबलवर नीट चालतंय आणि वायफायवर रखडतंय, असं असेल तर पुढे या.

आता वायफायवरून थेट तुमच्या राउटरलाच पिंग करा (पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड), बाहेरच्या कुठल्या साइटला नको. हवा मोकळी असली की उत्तरं बहुतेक एक-आकडी मिलिसेकंदांत येतात. ती मधूनच शंभर-दोनशेवर उडी मारत असतील किंवा काही उत्तरं येतच नसतील, तर अडचण तुमच्या आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या मधल्या हवेत आहे. हा प्रयोग अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जवळ उभं राहून करा, नाहीतर अंतराचा दोष चॅनलच्या माथी माराल. ही पिंग मोजणी वहीत टिपून ठेवा, शेवटी तुलनेला लागेल.

२. चॅनल म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या

घाई असली तरी हा भाग वाचाच. बाकीच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

बँड म्हणजे वायफायला मिळालेला रेडिओ लहरींचा पट्टा, आणि चॅनल म्हणजे त्या पट्ट्यातली एक ठरावीक जागा. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर असतो. पुढचं प्रत्येक चॅनल ५ मेगाहर्ट्झने सरकतं: २ चा मध्य २४१७, ३ चा २४२२, असं करत १३ चा २४७२. पण वायफायचा एक सिग्नल जागा घेतो किमान २० मेगाहर्ट्झ. खुर्च्या पाच-पाच इंचांवर मांडल्या आणि बसणारा वीस इंच रुंद निघाला, तसा हा प्रकार. चॅनल १ वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट २४०२ पासून २४२२ पर्यंत पसरतो. चॅनल ६ वरचा २४२७ ते २४४७, आणि ११ वरचा २४५२ ते २४७२. हे तिघे एकमेकांना न चिकटता बसतात. म्हणून सगळीकडे १, ६, ११ हा मंत्र ऐकू येतो.

मी निवडलेलं चॅनल ३ बघा: २४१२ ते २४३२. म्हणजे १ च्या अर्ध्या जागेवर बसलेलं आणि वर ६ लाही ५ मेगाहर्ट्झने रेटणारं. चॅनल ८ ने ६ आणि ११ या दोघांना तसंच पकडलं होतं. मला ती "रिकामी जागा" वाटली, कारण अ‍ॅप क्रमांकासमोर किती नेटवर्क आहेत ते मोजून दाखवत होतं. त्या क्रमांकावर खरंच कोणी नव्हतं, पण हवा भरलेली होती.

यावर स्वाभाविक शंका येते: अर्धं अंगावर येणं पूर्ण अंगावर येण्यापेक्षा बरं नाही का? नाही. उलट आहे.

वायफायचं प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनलवर दुसरं कोणी बोलत असेल तर थांबतं, यादृच्छिक थोडा वेळ जाऊ देतं आणि मग बोलतं. एकाच चॅनलवरचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, मग ते एकमेकांचे शत्रू का असेनात, अशी रांग पाळतात. वेग वाटला जातो, पण बोललेलं पोचतं. ही शिस्त टिकते ती दुसऱ्याची भाषा कळल्यामुळे. समोरचा वायफायची ओळखीची सुरुवात करतोय हे कळलं, तर प्रमाणानुसार उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण सिग्नलही थांबायला पुरतो. चॅनल अर्धवट एकमेकांवर आलं की ती सुरुवातच उलगडत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि नुसत्या गोंगाटासाठी थांबायची मर्यादा आहे उणे ६२ डीबीएम. या दोन आकड्यांत २० डेसिबलचा फरक, म्हणजे ताकदीच्या हिशेबात शंभर पट. तेवढा मोठा होईपर्यंत शेजारचा गोंगाट जुमानलाच जात नाही. दोघं एकाच वेळी बोलतात, डेटाची पाकिटं बिघडतात, पुन्हा पाठवावी लागतात, आणि त्या पुन्हा पाठवण्याने हवा आणखी भरते.

म्हणून माझा नियम: पूर्ण वेगळं चॅनल मिळालं तर उत्तम. न मिळालं तर शेजाऱ्याच्या नेमक्या त्याच चॅनलवर जा आणि रांगेत उभे राहा. मधल्या फटीत घुसू नका.

३. आजूबाजूला कोण आहे त्याची यादी करा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधल्या नेटश (netsh) या कमांडने आसपासची नेटवर्क, त्यांचं चॅनल आणि सिग्नल दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, वायरलेस डायग्नोस्टिक्स उघडा आणि विंडो मेनूतून स्कॅन निवडा. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर असेल तर एनएमसीएलआय (nmcli) ही कमांड यादी देते. अँड्रॉइडसाठी वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप भरपूर आहेत. ती लोकेशनची परवानगी मागतात तेव्हा दचकू नका, परवानगीशिवाय ती यादी त्यांना मिळतच नाही. आयफोनवर बाकीच्या अ‍ॅपना ही माहिती मिळत नाही. पण अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या अ‍ॅपमध्ये स्कॅनर आहे, तो आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावा लागतो.

*सापळा:* अँड्रॉइड ९ पासून एका अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं. तुम्ही पटापट चालत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलात, तरी पडद्यावर आधीच्या खोलीचे आकडे दिसत राहतात. मी एक आख्खा मजला असा खोटा मोजला. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा काढण्याचं बटण मिळतं. नाहीतर प्रत्येक जागी मिनिटभर थांबा.

मोजणी दोन ठिकाणी करा: जिथे अ‍ॅक्सेस पॉइंट टांगलाय तिथे आणि जिथे माणसं बसतात तिथे. आणि गर्दीच्या वेळी करा. रविवारी सकाळी रिकाम्या इमारतीत काढलेली यादी फार गोड असते.

प्रत्येक नेटवर्कसमोर लिहायचं ते एवढंच: नाव, बीएसएसआयडी, चॅनल, चॅनलची रुंदी, सिग्नल. बीएसएसआयडी म्हणजे त्या रेडिओचा स्वतःचा पत्ता. तुमच्या सहाही अ‍ॅक्सेस पॉइंटचं नाव एकच असेल, तर कोणता आवाज कोणाचा हे ओळखायला तेवढाच आधार असतो. डीबीएममधले सिग्नलचे आकडे उणे असतात, हे नवख्याला गोंधळात टाकतं. उणे ४० म्हणजे दणदणीत, उणे ६७ म्हणजे फोन कॉलसुद्धा नीट चालेल असा, उणे ८० म्हणजे कुजबुज. उणे ८५ च्या खालचे शेजारी मी यादीतून सरळ खोडतो.

नाव लपवलेली नेटवर्कसुद्धा यादीत रिकाम्या नावाने दिसतील, त्यांना गाळू नका. नाव झाकलं तरी ते बोलत असतातच.

आणखी एक. नेटवर्कची संख्या म्हणजे भार नव्हे. एका चॅनलवर आठ झोपलेले राउटर असतील आणि दुसऱ्यावर दिवसभर व्हिडिओ ओढणारा एकच, तर आठांचं चॅनल बरं. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पडद्यावर 'चॅनल युटिलायझेशन' असा टक्केवारीचा आकडा दिसत असेल, तर संख्येपेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

४. २.४ गिगाहर्ट्झ: तीनच चॅनल, २० मेगाहर्ट्झ, विषय संपला

सेटिंग्जमध्ये 'चॅनल विड्थ' शोधा आणि २.४ साठी २० वर ठेवा. तिथे '२०/४०' किंवा '४०' असेल तर बदला. संपूर्ण बँडच ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. त्यातले ४० एकट्याने घेतले तर तीनपैकी दोन चॅनल तुम्ही खाल्लीत. कागदावर वेग दुप्पट दिसतो, प्रत्यक्षात आपलेच बाकीचे अ‍ॅक्सेस पॉइंट उपाशी राहतात.

मग यादी बघून आपल्या प्रत्येक खोक्यासाठी १, ६, ११ पैकी एक चॅनल ठरवा.

१३ चॅनल वापरायला परवानगी असलेल्या देशांत काही जण १, ५, ९, १३ अशी चार चॅनल वापरतात. आताच्या वायफायचा सिग्नल २० मेगाहर्ट्झमध्ये मावतो, म्हणून कागदावर हे बसतं. पण शेजारी सगळे १, ६, ११ वर असताना तुमचं ५ आणि तुमचं ९ ही दोन्ही त्यांच्या ६ वर चढतात. त्यात काही फोन-लॅपटॉप १२ आणि १३ ही चॅनल ऐकतच नाहीत, कारण त्यांची मांडणी ११ चॅनलच्या देशाची असते. एक वाचक रोज येऊन सांगायचे की त्यांच्या लॅपटॉपला या कोपऱ्यात आमचं नेटवर्कच दिसत नाही. मी प्रयोग म्हणून तिथे १३ ठेवलं होतं. चौघांची मांडणी शेजारी कोणीच नसलेल्या एकट्या इमारतीत करून बघा, वस्तीत नको. १४ क्रमांकाचा विचारही करू नका, ते फक्त जपानमध्ये आणि जुन्या पद्धतीच्या वायफायपुरतं आहे.

याच कारणासाठी सेटिंग्जमधला देश खरा ठेवा. जास्त चॅनल दिसावीत म्हणून दुसरा देश टाकणारे भेटतात. ते नियमबाह्य आहे, आणि त्या चॅनलवर दुसऱ्या कोणाची यंत्रणा चालू असू शकते.

वायफाय नसलेले उपद्रवी याच बँडमध्ये राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास ओरडतो. तो स्वयंपाकघराजवळ असेल तर तिथल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला १ द्या, त्यातल्या त्यात ते दूर. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब राउटरला खेटून ठेवलं असेल तर हातभर लांब करा, त्या वायरीतूनही २.४ मध्ये गोंगाट येतो. ब्लूटूथ ७९ लहान चॅनलवर उड्या मारत राहतं आणि भरलेल्या जागा स्वतःच टाळतं, त्याची फार काळजी नको. झिगबी या वेगळ्या बिनतारी पद्धतीवर चालणारे स्मार्ट दिवे किंवा सेन्सर असतील तर त्यांना झिगबीची १५, २०, २५ ही चॅनल द्या, ती १, ६, ११ च्या फटींत बसतात. फटीत घुसू नका असं मी मघाशी म्हणालो खरं, पण झिगबीचं अंग फक्त २ मेगाहर्ट्झचं, म्हणून त्याला चालतं.

५. ५ गिगाहर्ट्झ: इथे जागा आहे, पण उधळू नका

शक्य तेवढी उपकरणं इकडे आणा. क्रमांकांची मोजणी इथेही ५ मेगाहर्ट्झचीच, पण मधले क्रमांक मुळात वापरायला दिलेले नाहीत: ३६, ४०, ४४, ४८ असं चार-चारने पुढे जातं. त्यामुळे २० च्या रुंदीवर दोन चॅनल एकमेकांवर चढण्याचा प्रश्नच येत नाही. ३६ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५ असे गट आहेत. सगळी खुली असतील तर २० मेगाहर्ट्झची २५ चॅनल होतात. देशागणिक यातली काही बंद असतात. तुमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटची यादी देश बरोबर टाकला की आपोआप बरोबर होते.

सापळा रुंदीचा आहे. ४० केलंत तर ३६ आणि ४० मिळून एक. ८० केलंत तर ३६ ते ४८ ही चारही मिळून एकच, आणि २५ चॅनलची उरतात ६. १६० वर जेमतेम २. बरेच राउटर कारखान्यातूनच ८० किंवा १६० वर येतात, कारण खोक्यावरचा आकडा मोठा दिसतो. घरात एकच राउटर असेल तर ८० ठेवा, कोणाचं काही बिघडत नाही. पण सहा अ‍ॅक्सेस पॉइंट असतील आणि सहाही ८० वर, तर ते पुन्हा एकमेकांच्या अंगावर. एकाला ३६ आणि दुसऱ्याला ४४ देऊन मी निश्चिंत झालो होतो, पण रुंदी ८० होती, म्हणजे दोघंही एकाच जागी. पडद्यावर क्रमांक वेगळे दिसतात आणि माणूस फसतो.

शिवाय रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट गोळा होतो, म्हणजे ३ डेसिबलचं नुकसान, आणि पल्ला आखडतो. मी तीनपेक्षा जास्त अ‍ॅक्सेस पॉइंट असले की ४० घेतो, फार दाटीवाटी असली की २०.

५२ ते १४४ या चॅनलवर रडारचा पहिला हक्क. अ‍ॅक्सेस पॉइंटने तिथे जाण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं. काही देशांत हवामान रडारच्या १२० ते १२८ या भागासाठी हीच वाट १० मिनिटांची आहे. रडारची चाहूल लागली की १० सेकंदांत चॅनल सोडायचं आणि ३० मिनिटं परत फिरकायचं नाही. म्हणून इथलं चॅनल लावल्यावर नेटवर्क लगेच दिसलं नाही तर घाबरून रीस्टार्ट करू नका. दर वेळी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि तुम्ही अर्धा तास त्यातच घालवता. कसं माहीत ते विचारू नका.

ही चॅनल टाळावीत का? मला वाटतं, नाही. लोक घाबरून टाळतात म्हणूनच ती बहुधा रिकामी असतात. विमानतळ, बंदर, हवामान केंद्र जवळ असेल तर मात्र दोन आठवडे अ‍ॅक्सेस पॉइंटचा लॉग बघा. रडारमुळे चॅनल सोडल्याच्या नोंदी वारंवार दिसल्या तर तेवढं चॅनल सोडा.

६ गिगाहर्ट्झबद्दल एवढंच: तुमच्या देशात परवानगी असेल, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि फोन दोन्ही वायफाय ६ई किंवा ७ चे असतील, तर तिथे भरपूर मोकळं आहे. पण तिथे डब्ल्यूपीए३ सुरक्षा सक्तीची आहे आणि जुनी उपकरणं तो बँड ऐकूच शकत नाहीत. म्हणून वरची मांडणी तरीही करावीच लागते.

६. नकाशावर रंग भरा

आता पेन्सिली काढा. १ ला लाल, ६ ला हिरवा, ११ ला निळा. नकाशावर अ‍ॅक्सेस पॉइंट मांडा आणि शेजारी-शेजारी एक रंग येणार नाही असं भरा. एका मजल्यावर हे खेळासारखं सोपं आहे. खरी चूक वर-खाली होते. पहिल्या मजल्याचा नकाशा झाला की दुसऱ्यावर आपण तोच उतरवतो. मग १ च्या बरोबर डोक्यावर १ येतो. बरोबर वर टांगलेला अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच मजल्यावरच्या लांबच्या भावापेक्षा जवळ असतो. छत जाड असेल तर थोडी सूट मिळते, पण ती मोजून घ्या, गृहीत धरू नका.

माझी सहाची मांडणी शेवटी अशी झाली. तळमजला: १ आणि ६. पहिला मजला: ११ आणि १. दुसरा मजला: ६ आणि ११. कोणाच्याही डोक्यावर किंवा शेजारी तोच रंग नाही. ५ गिगाहर्ट्झवर सहाही जणांना ४० रुंदीची वेगवेगळी जागा मिळाली.

अ‍ॅक्सेस पॉइंट जास्त असतील तर २.४ मध्ये तीन रंग पुरत नाहीत. तेव्हा मधल्या काहींचा २.४ रेडिओ चक्क बंद करा. हे करताना हात थरथरतो, विकत घेतलेली वस्तू बंद कशी करायची म्हणून. पण २.४ भिंतींतून ५ पेक्षा लांब जातो, म्हणून त्याला तेवढे पॉइंट लागतच नाहीत.

नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा, वेगळं फक्त चॅनल. काही जण प्रत्येक मजल्याला वेगळं नाव देतात. मग फोन तळमजल्याचं नाव धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत फरफटत जातो. उलट एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर पाहुणे, कर्मचारी, कॅमेरे, प्रिंटर अशी पाच-सहा नावं चढवू नका. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, तीही सर्वांना कळावी म्हणून सर्वांत संथ वेगात. दोन-तीन नावं पुरेत.

७. आवाज कमी करा

'ट्रान्समिट पॉवर' ही सेटिंग बहुतेकांकडे कमालवर असते. मीही तशीच ठेवली होती. जोरात बोललं तर लांबपर्यंत ऐकू जाईल हे खरं, पण उत्तर फोनने द्यायचं असतं, आणि फोनचा आवाज लहान. रेघा भरलेल्या असतात, कारण फोनला अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतो. अ‍ॅक्सेस पॉइंटला फोन ऐकू येत नाही, म्हणून पान उघडत नाही. वाचनालयातल्या कोड्याचा अर्धा भाग हाच होता.

पॉवर आकड्यांत दिसत असेल तर लक्षात ठेवा: २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, १७ म्हणजे ५०, १४ म्हणजे २५. दर तीनने निम्मं. मी ५ गिगाहर्ट्झला १७ आणि २.४ ला ११ पासून सुरुवात करतो, मग लोक बसतात त्या जागी उणे ६७ मिळतंय का ते बघत वर-खाली करतो. फक्त 'लो, मीडियम, हाय' असेल तर मीडियम आणि लो. याने शेजाऱ्याच्या यादीतलाही तुमचा आकडा खाली येतो, ते वेगळं पुण्य.

८. बदल करा, पण एका वेळी एकच

चॅनल बदलताना जोडलेले लोक काही क्षण तुटू शकतात, म्हणून वेळ बघून करा. शक्य असेल तर सेटिंग्ज केबलवरून बदला. वायफायवर बसून वायफायचंच चॅनल बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

ऑटोचं काय? एकच राउटर असेल तर ऑटो ठीक. एकाच नियंत्रकाखाली सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट असतील आणि तो नियंत्रक सगळ्यांचा एकत्र विचार करत असेल, तरीही ठीक. सुटे-सुटे अनेक असतील तर ऑटो दगा देतो. आमच्याकडे वीज गेली आणि आली. सहाही एकदम उठले, प्रत्येकाने आजूबाजूला ऐकलं, कोणीच बोलत नव्हतं, आणि चौघांनी एकच चॅनल धरलं. मग पुढची वीज जाईपर्यंत तिथेच ठाण मांडून बसले. सुट्यांसाठी चॅनल हाताने नेमून द्या.

मेश प्रणाली (एकमेकांशी जोडून एकच नेटवर्क बनवणारी अनेक खोकी) असेल तर आधी एक तपासा: खोक्यांमधली जोडणी केबलने आहे की हवेतून? हवेतून असेल तर ज्या रेडिओवर ती जोडणी चालते तो सगळ्यांचा एकाच चॅनलवर असावाच लागतो, नाहीतर ते एकमेकांना ऐकणार कसे. तिथे रंग भरण्याचा खेळ चालत नाही, आणि कित्येक मेश चॅनल निवडूही देत नाहीत. रिपीटरचंही तेच, तो मुख्य राउटरच्याच चॅनलवर तेच बोलणं दुसऱ्यांदा बोलतो. केबल टाकता येत असेल तर केबल टाका. दिवसभर भिंत खोदण्याचा कंटाळा मी समजू शकतो, तरीही टाका.

९. तपासा

पायरी १ मधली पिंग मोजणी पुन्हा करा, त्याच जागी, तशाच गर्दीत. वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. एखादी मोठी फाईल आपल्याच नेटवर्कमधल्या केबलवरच्या संगणकावरून वायफायवर ओढून वेग बघा, म्हणजे इंटरनेटचा चढउतार मध्ये येत नाही. फोन हातात घेऊन एका अ‍ॅक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे चालत जा आणि बीएसएसआयडी कुठे बदलतो ते टिपा. फार उशिरा बदलत असेल तर पॉवर अजून जास्त आहे.

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पडद्यावर 'रिट्राय' म्हणजे पुन्हा पाठवलेल्या पाकिटांची टक्केवारी दिसत असेल, तर मी सर्वांत आधी तीच बघतो. काही पाकिटं नेहमीच पुन्हा जातात, शून्याची अपेक्षा धरू नका. बदलाआधीपेक्षा ती उतरली पाहिजे. उतरली नाही तर शेवटचा बदल मागे घ्या आणि वहीत तसं लिहा.

शेजारी नवा राउटर आणतात, जुने काढतात, म्हणून यादी दर तीन-चार महिन्यांनी आणि तक्रार आली की लगेच पुन्हा काढा. आमच्या वाचनालयात दुसऱ्या मजल्याचा ६ मध्यंतरी असाच एकाएकी कुरकुरायला लागला. यादीत शेजारी कोणी नवीन नव्हतं. शेवटी कळलं, मुलांच्या विभागात कोणीतरी २.४ चा बिनतारी कॅमेरा बसवला होता, आणि तो वायफाय नसल्यामुळे कुठल्याच यादीत दिसत नव्हता. तो बंद करून पिंग बघितलं, पुन्हा सुरू करून बघितलं, तिसऱ्यांदा खात्री झाली आणि कॅमेऱ्याला केबल ओढली.